बिहीखालची वाट

तळघरात आवाज किती घुमतो ते विदाला लेनामुळे कळलं. सात महिन्यांची पोर पोटाशी बांधलेली होती. भुकेनं तिनं एकच टाहो फोडला, तो काँक्रीटच्या भिंतींवरून फिरून तिच्याच अंगावर आला आणि आणखी कोण रडतंय, या नवलानं ती गप्प झाली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जाड लोकर लावायची, हे विदानं तेव्हाच ठरवलं.

सर्बियातल्या निश शहरातल्या त्या जुन्या इमारतीखालचं तळघर बॉम्बच्या भीतीनं बांधलेलं. नव्व्याण्णवच्या वसंतात, नाटोचे बॉम्ब पडत होते तेव्हा, सगळे रहिवासी तिथं झोपत. नंतर तिथं मोडक्या सायकली आणि आंबवलेल्या कोबीची पिंपं आली. आता बोगदाननं ते नाचगाण्याच्या क्लबासाठी भाड्यानं घेतलं होतं आणि वास्तुविशारद म्हणून आराखडा विदाकडे होता. पाण्याच्या टाक्यांच्या जागी बार, दिवे फक्त जमिनीलगत, जाडजूड लोखंडी दार आहे तसंच. घोडं अडलं होतं ते दुसऱ्या दारापाशी.

जुन्या नकाशात ते होतं. तळघरातून निघणारा बोगदा, रुंद पायऱ्या आणि वर अंगणात उघडणारं झाकण. त्या झाकणावर मातीचा ढीग, आणि त्यात चेदाकाकांचं बिहीचं झाड, सफरचंदासारख्या पिवळ्या, सुवासिक फळांनी वाकलेलं.

"झाड राहू दे की," बोगदान म्हणाला. "एकाच दाराच्या आराखड्यावर सही कर. शिक्का मारणारा माणूस आहे माझ्याकडे."

"तीनशे पोरं आणि एक दार?"

"अगं, ती नाचायला येणार, पळायला नाही."

"पळायला कुणीच येत नसतं, बोगदान."

"आई झाल्यापासून फार भित्री झालीस बुवा तू."

सही नाही केली तर काम हातचं जाणार, आणि बोगदान सही करणारा दुसरा कुणीतरी गाठणार, हे विदाला दिसत होतं. ती अंगणात गेली.

बायको देसांका गेल्यापासून चेदाकाका तळमजल्यावर एकटेच राहत. पत्र्याच्या चुलीवर ते लाल ढोबळ्या मिरच्या भाजत बसले होते.

"काका, जरा बोलायचं होतं."

"झाडाबद्दल असेल तर मी बहिरा झालोय."

मुरांब्याचं नाव त्यांनी काढलं नाही. दारी आलेल्याला चमचाभर मुरांबा आणि पेलाभर पाणी न देणं म्हणजे काय, ते तिथं शेंबडं पोरही जाणतं. विदा तरी बसली.

"देसांकानं लावलंय हे," ते शेवटी म्हणाले. "बॉम्ब थांबले त्याच वर्षी. मी म्हटलं, अगं बाई, खाली झाकण आहे. तर म्हणाली, म्हणूनच. इथून वर यायची वेळ पुन्हा कुणावर येऊ नये."

"तुम्ही आला होतात इथून?"

"पलीकडच्या गल्लीत बॉम्ब पडला आणि दाराची चौकट वाकली. दार हलेना. मग सगळे इथून. देसांका सगळ्यांच्या शेवटी, शेजारणीचं तान्हं घेऊन."

लेना मिरच्यांकडे झेपावत होती. विदानं तिला मागे ओढलं.

"मी सही करणार नाही, काका. पण दुसरं कुणी करेल. पोरं येतीलच."

"कुठली पोरं?"

"इथलीच."

"म्हणजे ते वरच्या मजल्यावरचं ढोलबडवं कार्टंसुद्धा?"

"त्याचाच कार्यक्रम आहे पहिल्या दिवशी."

"अरे देवा!"

मिरच्या करपल्या. काकांनी त्या उलटल्याही नाहीत. मग ते उठून आत गेले आणि तबक घेऊन आले. त्यात मुरांबा, चमचा, पाणी.

"खा. माझ्या हातचा आहे, गोडमिट्ट झालाय. फळं उतरेपर्यंत थांब म्हणावं त्या बोगदानला. मग कुऱ्हाड मीच घालीन. परक्या हाताचं देसांकाला खपायचं नाही."

बोगदान कुरकुरला, पण थांबला. त्या हिवाळ्यात इमारतीतल्या घराघरांत कपाटांवर बिहीची फळं मांडलेली होती आणि खोल्या त्यांनीच दरवळत होत्या.

काकांनी झाड तोडलं आणि झाकण निघालं, त्या दुपारी विदा लेनाला घेऊन तळघरात उभी होती. भिंती अजून लोकरीविना उघड्याच होत्या. बोगद्याच्या टोकाशी पायऱ्यांवर उजेडाचा चौकोन पडला. तो पाहून लेना किंचाळली आणि मागच्या वेळसारखी थबकून वाट पाहू लागली. आवाज परतला, पण अर्धामुर्धाच.

"ऐकू आलं गं!" वरून चेदाकाका ओरडले.