देहबियाचे ऑलिव्ह

तारेच्या कुंपणातली वस्ती उठली आणि माणसं डोंगरावरच्या आपापल्या घरांकडे निघाली, तेव्हा देहबिया सगळ्यांच्या मागून चालत होती. कुणी तिला मागे राहायला सांगितलं नव्हतं. ती पुढे गेली की बायका बोलायच्या थांबत, म्हणून तिनं आपणहूनच पावलं हळू केली.

चार वर्षांपूर्वी फ्रेंच सैनिकांनी सगळं गाव खाली आणून त्या कुंपणात कोंबलं होतं. फ्रेंचांविरुद्ध डोंगरात लढणाऱ्या पोरांना गावातून भाकरी मिळू नये, एवढ्यासाठी. तिथंच तिचा मुलगा अक्ली याला एकदा चौकशीला नेलं. तो परत आला तो सुजलेल्या तोंडानं आणि फ्रेंचांच्या गणवेशात.

"दुसरा रस्ता नव्हता, आई," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या रांगेत एक बाई मोठ्यानं म्हणाली, "सरका गं, साहेबांच्या मातोश्रींना वाट द्या." सगळ्या हसल्या. शेजारची यमिना तेवढी हसली नाही. ती आणि देहबिया एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या होत्या, दोघींचं अंगण एकच होतं. पण यमिनाचा नवरा बेलईद डोंगरात लढायला गेलेला. त्यामुळं यमिनाही आपली घागर भरून निघून गेली. पुढच्या वर्षी बेलईद ओढ्याकाठी मारला गेला.

युद्ध थांबलं, फ्रेंच देश सोडून निघाले, तसा अक्ली घाईघाईनं आला. बंदराकडे जाणारा लष्कराचा ट्रक बाहेर उभा होता.

"चल. इथं राहिलो तर मला मारतील."

"तू जा. मला समुद्रापलीकडे कोण ओळखतं?"

"आणि इथं कोण बोलतंय तुझ्याशी?"

ती आत जाऊन आली. तिनं त्याच्या हातात अंजिरांचं गाठोडं दिलं. ट्रक वळणाआड जाईपर्यंतही ती थांबली नाही. बघणारे पुष्कळ होते.

गावात सगळ्यांचीच छपरं कोसळली होती. पुरुष मंडळी रोज एकेका घराला हात लावत होती. आज याचं, उद्या त्याचं. देहबियाच्या घराची पाळी काही आली नाही. तिनं एका कोपऱ्यावर फांद्या आणि माती टाकून घेतली आणि तेवढ्यात संसार मांडला.

हिवाळा आला, ऑलिव्ह पिकून काळे झाले. एरवी बायका टोळीनं एकमेकींची झाडं उतरवत, गाणी म्हणत. पलीकडच्या उतारावरून ती गाणी तिला ऐकू येत होती. ती एकटीच काठीनं फांद्या झोडपत होती, एकटीच गुडघ्यावर बसून वेचत होती. एका गाण्यातली ओळ बायका चुकीची म्हणत होत्या. तिनं स्वतःशीच बरोबर म्हणून पाहिली, आणि आपलाच आवाज ऐकून गप्प झाली.

गावातला तेलाचा घाणा बॉम्बनं फुटलेला. म्हणून फळं खडकातल्या खळग्यात टाकून वर गोल धोंडा फिरवायचा, जुन्या पद्धतीनं. तो धोंडा एकटीला हलेना. ती खांदा लावून रेटत असताना समोरून दोन हात धोंड्याला लागले. यमिना होती.

"असं केलंस तर कंबर मोडशील," यमिना म्हणाली.

"मोडली तर कुणाचं काय अडतंय?"

"बडबडू नकोस. लोट."

दोघी दुपारपर्यंत धोंडा फिरवत राहिल्या. मग लगद्यात कोमट पाणी ओतून वर येणारं तेल ओंजळीनं काढू लागल्या. कित्येक दिवसांत देहबियाच्या इतक्या जवळ कुणी बसलं नव्हतं. यमिनाच्या अंगाला येणारा धुराचा वासही तिला हवासा वाटला.

यमिना मान वर न करता म्हणाली, "बेलईदला मारलं त्या दिवशी तुझा अक्ली होता तिथं?"

देहबियाचे हात पाण्यातच थांबले. मला ठाऊक नाही, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. अक्लीनं तिला त्या रात्रीच सगळं सांगितलं होतं, तिच्या मांडीत डोकं खुपसून. यमिनानं मात्र कधी तिच्याशी खोटेपणा केला नव्हता.

"होता," ती म्हणाली. "त्यानंच सैनिकांना वाट दाखवली."

यमिनानं ओल्या बाह्या वर सारल्या. मग पुन्हा ओंजळीनं तेल काढायला लागली. शेवटचं तेल रांजणात जाईपर्यंत ती उठली नाही. हात पुसून तिनं शाल घेतली.

"यमिना, तुझा वाटा..."

"नको," म्हणून ती उताराला लागली.

त्यानंतर दोघींच्या सामायिक अंगणात यमिनानं दगडांची कंबरभर भिंत घातली. देहबियानं आतून दगड रचण्याचा आवाज ऐकला, पण ती बाहेर आली नाही. संध्याकाळी तिनं गरम भाकरीवर नवं तेल घातलं. तेल जरासं कडवट होतं, नव्या तेलाला असायला हवं तसं. चांगलं उतरलंय, असं ती मोठ्यानं म्हणाली आणि भाकरी खायला लागली.