जमीन विरघळायच्या आत

मर्लने पेन्शनचा आकडा पुसला आणि तोच आकडा पुन्हा टाकला. संगणकाच्या पडद्यावर तळाला, सरकारकडून मिळणाऱ्या रकमेच्या जागी, परत शून्यच आलं. टेबलापलीकडे ओडेट हातमोजे मांडीवर ठेवून बसली होती. घर विजेवर गरम ठेवणाऱ्या हीट पंपाचं बिल, बसवणाऱ्याची पावती, नवऱ्याच्या, आर्मंडच्या, मृत्यूचा दाखला, सगळं तिने बिस्किटांच्या डब्यातून काढून त्याच्यापुढे नीट मांडलं होतं.

"यंत्र दमलं का रे?" तिने विचारलं.

"नाही, जरा तपासतोय."

तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. फेब्रुवारी ते एप्रिल, दर शनिवारी, गावच्या वाचनालयात म्हाताऱ्याकोताऱ्यांचे कराचे अर्ज फुकट भरून द्यायचं काम मर्ल पाच वर्षं करत होता. त्याआधी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. माणूस सरळ, पण सल्ला द्यायची भारी हौस. स्वतःच्या घरी पंप बसवला, सरकारने त्याच्या करातून दोन हजार डॉलर सोडले, आणि तेव्हापासून गडी जो भेटेल त्याला पंपाचं महत्त्व सांगत सुटला.

ऑक्टोबरात चर्चमधल्या घेवड्याच्या गावजेवणाला आर्मंड शेजारीच बसला होता. चाळीस वर्षं कागदाच्या गिरणीत काढून छाती पार खलास झालेली, त्यात घरात लाकडाची शेगडी. दोन घास खाल्ले की खोकला. पंप त्यालाही हवा होता, पण बँकेत होते नव्हते ते पैसे त्याने स्वतःच्या कबरीवरच्या दगडासाठी बाजूला ठेवलेले. करड्या ग्रॅनाइटचा दगड त्याने जाऊन पसंतही करून ठेवला होता.

"दगडाचेच लाव," मर्ल त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता. "दोन हजार सरकार परत करतं. हिवाळ्यात गोठलेली जमीन विरघळायच्या आत तुझ्या हातात."

"नक्की ना?"

"मला मिळाले ना? मग तुला का नाही मिळणार?"

आर्मंडने मान डोलावली. मर्लच्या बसमधून त्याची तिन्ही पोरं शाळेत गेली होती, एकदाही उशीर झाला नव्हता. नोव्हेंबरात पंप बसला, शेगडी विझली. जानेवारीच्या शेवटी आर्मंड गेला. त्या दिवसांत जमीन गोठून टणक झालेली, खणणार कोण? त्याची शवपेटी कब्रस्तानातल्या विटांच्या कोठीत ठेवली. माती मे महिन्यात द्यायची, आणि दगड तेव्हाच उभा करायचा, असं ओडेटने ठरवलं होतं.

आज हे शून्य पाहून मर्लला धक्का बसला असता तर निदान चुकलो असं म्हणता आलं असतं. पण त्याला ते आधीच ठाऊक होतं. जानेवारीच्या प्रशिक्षणात शिकवणारी बाई जाता जाता म्हणाली होती, की पंपाची ही सूट लागू झालेल्या करातूनच वजा होते. ज्याला करच लागत नाही त्याला एक पैसा मिळत नाही. मर्लचे कान तापले होते. ओडेट आणि आर्मंडची पेन्शन केवढी, हे त्याच्याइतकं गावात कुणाला माहीत असणार? दरवर्षी तोच तर त्यांचा अर्ज भरायचा. तरीही त्यानंतर त्याने आर्मंडच्या पेटीला खांदा दिला, ओडेटच्या गरम घरात बसून सँडविच खाल्लं, आणि तोंडातून शब्द काढला नाही. उद्या सांगू, परवा सांगू करता करता मार्च उजाडला.

आत्ताही त्याच्या मनात पळवाटच होती. वेळ लागेल म्हणायचं आणि आपलेच दोन हजार पाकिटात घालून पाठवायचे. पण तिथल्या शिरस्त्याप्रमाणे प्रत्येक अर्ज सहीआधी दुसऱ्या माणसाने वाचायचा असतो. लोइस आली. पूर्वी शाळेत गणित शिकवायची. चष्मा लावून तिने पडदा वरपासून खालपर्यंत वाचला.

"बरोबर आहे. पंपाचं काही मिळणार नाही, करच नाही ना," ती म्हणाली. "सही इथे, ओडेट." आणि ती पुढच्या टेबलाकडे गेली.

ओडेटने लोइसकडे पाहिलंच नाही. ती मर्लकडे बघत होती.

"ही काय म्हणते?"

"खरं म्हणते." तो म्हणाला. "मी चुकीचं सांगितलं होतं. मला कर लागतो, म्हणून मला मिळाले. आणि ओडेट, मला हे जानेवारीतच कळलं होतं."

तिने दाखल्यावरच्या तारखेवर बोट ठेवलं.

"आर्मंड जायच्या आधी की नंतर?"

"आधी. चार दिवस."

ओडेटने हातमोज्याचं एकेक बोट सरळ केलं.

"मग बरं झालं नाही सांगितलंस," ती म्हणाली. "दगडाची काळजी न करता गेला."

तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर मर्लला बरं वाटलं असतं. लाजेने त्याला मान वर करवेना.

"पैसे मी देतो. आजच देतो."

"तू कशाला? मी सरकारकडे मागायला आले होते, तुझ्याकडे नाही."

"पण मे महिन्यात..."

"मे महिन्यात दगडाशिवाय माती देऊ. तू येशीलच खांदा द्यायला. तेव्हा त्याला सांग. शब्द तू त्याला दिला होतास, मला नाही."

तिने सही केली, कागद एकावर एक रचून डब्यात ठेवले आणि झाकण दाबून बसवलं. दाराशी तिची शेजारीण ग्लेनिस नंबर लावून उभी होती. ओडेटचा पंप पाहून तिनेही नाताळाआधी बसवून घेतला होता. बिल हातातच होतं.

"जा, मर्ल मोकळा झालाय," ओडेट तिला म्हणाली. "नीट समजावून सांगतो तो."

ग्लेनिस हसत आली आणि बसायला खुर्ची ओढू लागली. मर्ल उठून उभा राहिला.

"बसायच्या आधी ऐक," तो म्हणाला. "त्या पंपाबद्दल मी गावाला जे सांगत फिरलो ना, ते चूक होतं."