अपांची देलेबे पेटली

'द' अक्षरातला एकच शब्द उरला होता, आणि तोच कनिशायच्या मानगुटीवर बसला होता : देलेबे.

राजधानीत, बिश्केकच्या शब्दकोशाच्या कचेरीत तिची नोकरी. लेक मारल झाल्यापासून ती कोचकोरजवळच्या गावी, सासरी राहून काम करायची. काम कसलं, चोरीच. मारल झोपली की लॅपटॉप उघडायचा, एका पायाने पाळण्याला झोका द्यायचा, आणि ती कुरकुरली की वाक्य असेल तिथे टाकून उठायचं. कितीतरी शब्दांचे अर्थ असे क्रियापदाची वाट बघत ताटकळले होते. एकदा मारलने सायीने माखलेला हात कळफलकावर फिरवला, तर 'दर्द' या शब्दापुढे ओळभर नुसतं 'ममममम' उमटलं. कनिशायला तो अर्थ आपल्या अर्थापेक्षा खरा वाटला. पुसताना जिवावर आलं.

देलेबे मात्र कचेरीतून दोनदा परत आला होता.

जुन्या कोशात त्याचा अर्थ सरळ होता. शर्यतीच्या घोड्याला टापांचा आवाज ऐकून अंगात जे चढतं, ते. किंवा गवयाला दुसऱ्याचं गाणं ऐकून स्वस्थ बसवत नाही, ते. देलेबे पेटते, असं म्हणायचं. कनिशायने लिहिलं, 'उत्तेजित होण्याची अवस्था.' त्यावर तिचे साहेब, असानबेक आगाय, म्हणजे असानबेक गुरुजी, फोनवर म्हणाले होते, "पोरी, हा अर्थ आहे की विजेच्या डब्यावरची सूचना? घोडा वाचेल तर झोपेल."

मग तिने हुरूप लिहून पाहिलं, तो अभ्यासाला बसला. खुमखुमी लिहिलं, ती भांडायला उठली. चेव लिहिलं, त्याला दात फुटले. एकही शब्द धावेना. धावणार कसा? गेलं वर्षभर तिच्या स्वतःच्या अंगात काही पेटलंच नव्हतं. मारल सलग दोन तास झोपली तर तेवढाच काय तो आनंद.

आणि वर ती पुतणी! थोरल्या दिरांची नाझिक सुट्टीला शहरातून आली होती. तिच्या तोंडी सारखा तोच शब्द. नवी पँट घातली, "देलेबे!" नूडल्समध्ये मिरची जास्त पडली, "देलेबे!" फोनची बॅटरी भरली, तरी "देलेबे!"

"तो घोड्याचा शब्द आहे," अपा, म्हणजे कनिशायच्या सासूबाई, पीठ मळता मळता खेकसायच्या. "पँटीला कसली देलेबे? पँट काय शर्यतीत पळते?"

"अपा, आमच्याकडे सगळे असंच म्हणतात."

"सगळे नदीत उडी मारतील, तू मारशील?"

"पाणी देलेबे असेल तर मारेन," नाझिक म्हणाली आणि पिठाचा गोळा चुकवत पळाली.

कनिशायने पोरांचा हा 'भारी, झकास' असा अर्थही तिसरा म्हणून पाठवला होता. आगायांनी त्यावर काट मारली. "हा केर कोशात भरू नकोस. आणि हे बघ, शुक्रवारपर्यंत जमलं तर जमलं. नाहीतर पुढची अक्षरं इथल्याच कुणाला तरी देतो. तू आपली बाळाकडे बघ, अं?" रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. मायेने म्हणाले, म्हणून जास्त लागलं. बाळाकडे तर ती बघतच होती. पण ते चोरलेले तासही गेले, की आपण नुसत्या दुधाच्या आणि लंगोटांच्या उरू, ही भीती तिने कुणालाच सांगितली नव्हती.

बुधवारी घरात समारंभ होता. मारलने पावलं टाकायला सुरुवात केली होती. दोन पावलं, की धप्प. अपांनी निदान केलं, "पायातली दोरी कापायला हवी." प्रत्येक मूल ती दोरी पायात घेऊनच जन्माला येतं, फक्त दिसत नाही. म्हणून काळ्यापांढऱ्या लोकरीचा पीळ मुलाच्या घोट्यांना बांधायचा, लांबून पोरांनी धावत यायचं, आणि पहिला येईल त्याने तो कापायचा. मग मूल चालतं. नुसतं चालत नाही, कापणाऱ्याच्या वळणावर जातं. म्हणून कुणाच्या हातून कापायचं, याला फार महत्त्व.

आता शर्यत म्हटली की कुणीही पहिलं यायचं. गेल्या वर्षी शेजारच्या घरी गावातला सगळ्यात उनाड पोरगा पहिला आला होता, आणि त्यांचं बाळ आता सरळ चालतच नाही, कुंपणावर चढतं. अपांना असला धोका नको होता. नाझिकला डॉक्टरकीला प्रवेश मिळाला होता. कापायची तर तिनेच. सकाळीच अपांनी बाकीच्या पोरांना कोठीमागे बोलावून मूठमूठ चॉकलेटं वाटली. "पळायचं, पण हळू. नाझिक पुढे गेली पाहिजे. आणि याबद्दल कुणी तोंड उघडलं, तर दात पाडीन."

अर्थात दुपारपर्यंत अख्ख्या गावाला ठाऊक झालं.

अंगणात जेवणाचे दस्तरखान अंथरले होते, त्यांवर कणकेच्या तळलेल्या बोरसोकांचे ढीग लागले होते, म्हातारे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, कुमिसचे, वाडगे रिचवत होते. लोकरीच्या पांढऱ्या नमद्यावर, पाय बांधलेल्या मारलला काखेत धरून कनिशाय उभी होती. डोक्यावर रुमाल, नजर खाली. सासरी आल्यापासून तिने मोठ्यांसमोर आवाज चढवला नव्हता. सुनेने चढवायचाच नसतो. पार तिकडे चिनारांच्या रांगेपाशी पोरं उभी होती, आणि त्यांच्या शेजारी, हातरुमाल उंच धरून, इशारा द्यायला खुद्द अपा.

रुमाल खाली आला.

पोरं निघाली. निघाली म्हणजे कशी, तर बदकं तळ्याकडे निघावीत तशी. चॉकलेटाला जागून प्रत्येक जण दुसऱ्याला 'आधी तू' करत होता. एकाने मध्येच वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. आणि नाझिक? तिला जिंकायची खात्रीच होती, म्हणून ती फोन समोर धरून स्वतःचं चित्रण करत, केस सावरत, "हाय, मी बहिणीची दोरी कापायला चाललेय, देलेबे!" असं म्हणत डुलत येत होती.

"ही शर्यत आहे की अंत्ययात्रा?" कुणी म्हातारा ओरडला. लोक हसायला लागले.

चिनारांपाशी अपा चुळबुळू लागल्या. या पायावरून त्या पायावर. एकदा त्यांनी "अगं पळ की!" असं ओरडून पाहिलं. नाझिकने फोनमध्ये बघून हात हलवला. पुढच्या क्षणी अपांचे रबरी जोडे दोन दिशांना उडाले. घागरा मुठीत गोळा झाला. मोजे घातलेल्या पायांनी अपा सुटल्या.

गाव एकदम उसळलं.

अपांनी नाडीवाल्याला मागे टाकलं, दोन चुलत नातवंडांच्या मधून वाट काढली. रुमाल मानेवर घसरला, पांढरी वेणी मागे उडायला लागली. म्हातारे वाडगे ठेवून उठले आणि शर्यतीच्या घोड्याला घालतात तसल्या आरोळ्या घालू लागले. तेव्हा कुठे नाझिकने मागे वळून बघितलं, किंचाळली, फोन गवतात टाकला आणि खरंच पळायला लागली. आता दोघी बरोबरीने.

कनिशायची कानशिलं तापली. कुणीतरी गळा फाडून ओरडत होतं, "पळा अपा, पळा! सोडू नका तिला! पळाऽ!" तो आवाज आपलाच आहे, हे तिला जरा उशिराच कळलं. काखेतली मारल बांधलेल्या पायांनी उड्या मारत, हात पसरून, आजीकडे झेपावत होती.

अपा हातभर आधी पोचल्या. धापा टाकत गुडघ्यांवर बसल्या आणि नमद्यावर ठेवलेल्या कात्रीने पीळ कापला.

"अपा, हे काय हो!" नाझिक रडवेली झाली होती आणि हसतही होती. "तुम्हीच तर मला..."

"तू गप्प बस. तुझं चालणं बघवेना मला."

"पण तुम्हाला झालं तरी काय?" थोरली जाऊ म्हणाली. "या वयात?"

अपांनी छातीवर हात ठेवला, श्वास गोळा केला, आणि जरा लाजून म्हणाल्या, "काय सांगू बाई. देलेबे पेटली."

"अपा," नाझिक म्हणाली, "तो घोड्याचा शब्द आहे ना?"

या वेळी चुकवायला पिठाचा गोळा नव्हता. अपांनी मोजाच काढून मारला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मारल झोपली आणि कनिशाय लिहायला बसली. बोटं मनाच्या पुढे धावत होती. 'दुसऱ्याची धाव पाहून किंवा ऐकून अंगात शिरणारी आग, जी स्वस्थ बसू देत नाही. घोड्याला, गवयाला, आणि बघणाऱ्या कुणालाही.' खाली उदाहरण दिलं : 'म्हातारीची देलेबे पेटली, आणि जोडे टाकून ती धावत सुटली.' पोरांचा अर्थही पुन्हा घातला, 'बोली' अशी खूण करून. पाठवलं, आणि भांडी घासायला गेली.

शुक्रवारी फोन वाजला तेव्हा हात कणकेत होते. अपांनीच बटण दाबून फोन तिच्यासमोर धरला, आणि तशाच धरून उभ्या राहिल्या.

"कनिशाय, मी काट मारलेला अर्थ पुन्हा घातलास?"

"हो, आगाय. जुन्या कोशात हा शब्द घोड्याचा आणि गवयाचा. ती म्हातारी घोडाही नाही आणि गवईही नाही. तिला आपण आत घेतलं, तर पोरांना दारात कसं अडवायचं? ती तिच्याच घरची आहेत."

पलीकडे कागद सळसळला. अपांचे डोळे बारीक झाले होते; म्हातारी कोण, हे त्यांना कळायला लागलं होतं.

"बरं," आगाय म्हणाले. मग जरा घुटमळत, आवाज खाली आणून, "पण मग ती... पहिली आली का?"

"आले!" अपा फोनमध्ये ओरडल्या. "हातभर आधी! आणि म्हातारी कुणाला म्हणता?"

आगायांना ठसका लागला. हसू आवरत ते म्हणाले, "अगं, मग तेही लिही ना. वाचणाऱ्याला असं अर्ध्या वाटेत सोडतात होय? आणि सोमवारी पुढचं अक्षर पाठवतो. मोठं आहे, बरं का. बाळ झोपेल तसं कर."

मागे जमिनीवर मारल पातेल्याचं झाकण ओढत, न पडता, दाराकडे निघाली होती.