ही ओल कोणाची?

"थांबा मिस्त्री! माह्या पुट्टीले हात लावू नका!" धर्मेंद्र ओरडला, तोवर केवळरामची छन्नी भिंतीत दोन बोटं घुसली होती.

ताटाएवढा पापुद्रा सुटला आणि खालच्या टाइल्सवर पडून त्याचा भुगा झाला. आत वीट काळपट, ओलीगच्च, आणि तिच्या अंगावर पांढरा खार फुललेला. केवळरामने तो बोटावर घेतला, जिभेला लावला आणि खिडकीबाहेर थुंकला.

"लोना लागला," तो म्हणाला.

"तेच तर मी म्हनून राहिलो! तुमची रेतीच खारट होती."

"वैनगंगेची रेती खारट?" केवळरामचा आवाज चढला. "कधीपासून जी? समुद्र का कारध्याच्या पुलाखाली आला काय?"

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली धर्मेंद्रची बायको रीता हसली आणि नवऱ्याने पाहताच गप्प झाली. दाराजवळच्या खाटेवर धर्मेंद्रचे म्हातारे वडील गोपाळराव पाय पोटाशी घेऊन बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

केवळरामच्या डोक्यात पंधरा दिवसांपासून निखारा होता. चौतीस वर्षं त्याने मोहाडीत थापी चालवली. घरं बांधली, विहिरी बांधल्या, शाळेच्या दोन खोल्या बांधल्या. कोणी बोट दाखवलं नव्हतं. आणि या कापड दुकानदाराने एका सकाळी गावाच्या ग्रुपवर याच भिंतीचा फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘केवळराम मिस्त्रीचे काम. सात वर्षांत भिंत सडली. खारट रेती वापरली. सर्वांनी सावध राहा.’ त्यावर तीस-चाळीस अंगठे उमटले. ज्यांच्या घरांना केवळरामने छप्पर चढवलं, त्यांचेही त्यात होते. दुपारी मारोतरावांचा फोन आला. त्यांच्या नव्या घराचा पाया सोमवारी खोदायचा होता. "मिस्त्री, थांब थोडं," एवढंच ते म्हणाले. या ‘थांब थोडं’चा अर्थ न कळायला केवळराम काही काल जन्मला नव्हता.

त्याची बायको गुलाब म्हणाली होती, जाऊ नका, ते लोक मोठे आहेत. पण तो आला. चार दिवसांपूर्वी धर्मेंद्र दुकानात असताना आला आणि रीताला विचारून भिंतीवर प्लास्टिकच्या पन्नीचे दोन चौकोन चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद करून गेला. एक खाली गुडघ्यापाशी, एक वर डोक्याच्या उंचीवर. आता त्याने दोन्ही सर्वांसमोर उपटले. वरची पन्नी कोरडी होती. खालच्या पन्नीच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब होते.

"पाहा. हवेतलं दव असतं तर पन्नीच्या बाहेरून बसलं असतं. हे पानी भिंतीतून आलं. पावसाची ओल वरून उतरते, पन वरचं कोरडं हाये. नळाचा पाइप या भिंतीत नाई. ही ओल जमिनीतून चढून राहिली."

"तुमीच बांधली ना भिंत? मंग चढली कशी?"

हा प्रश्न मात्र खरा होता आणि त्यानेच केवळरामची झोप उडवली होती. जोत्यावर डीपीसीची पट्टी त्याने स्वतःच्या हाताने टाकली होती, डांबर मारून. जमिनीतलं पाणी त्या पट्टीला ओलांडून वर चढू शकत नाही. मग हे कसं झालं? रागाच्या तळाशी कुठेतरी भीती होतीच, की आपलाच हात चुकला असेल. असेल तर इथेच, या लोकांसमोर कबूल करावं लागणार होतं.

तो भिंतीवरून हात फिरवत सरकला. ओलीची रेघ सगळीकडे मांडीपर्यंत होती, कोपऱ्यात मात्र छातीला लागत होती. वाटेत खिडकी आली. खिडकीच्या चौकटीवर त्याने सवयीने हात टेकवला आणि तसाच थांबला. बांधताना ही चौकट त्याने कमरेला ठेवली होती. आज ती मांडीशी आली होती.

खिडकी काही खाली सरकत नसते.

"आतली जमीन उचलली काय तुमी?"

"हो ना," रीता म्हणाली. "समोरचा रस्ता दोनदा उंच केला, मंग पानी घरात घुसाले लागलं. म्हनून दोन वर्षांपूर्वी फूटभर उचलून टाइल्स लावल्या."

"आन या कोपऱ्यात माग होता."

"होता. तो काढला तेव्हा."

केवळरामला तो माग आठवला. भिंत बांधताना सगळं सामान बाहेर गेलं होतं, गोपाळरावांनी माग मात्र हलवू दिला नाही. वर ताडपत्री बांधून, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून, मागाच्या फळ्या आळीपाळीने पायांनी दाबत ते टसरचं लुगडं विणत राहिले आणि केवळराम त्यांच्या सुतावर धूळ उडू नये म्हणून विटा बाहेर जाऊन फोडत असे.

त्याने हातोडा उचलला आणि कोपऱ्यातली टाइल फोडली.

"अरे! वेडा झाला काय हा माणूस!" धर्मेंद्र धावला.

केवळरामने दुसरी फोडली. तिसरी फोडली. सिमेंटचा पातळ थर उचकटला आणि त्याखाली हात घातला. हात बाहेर आला तो काळ्या, चिकट मातीने माखून. तलावाचा वास खोलीभर पसरला. चिखलात शिंगाड्याचं एक काटेरी टरफल होतं. ते त्याने धर्मेंद्रच्या तळहातावर ठेवलं.

"हा भरावाचा मुरूम होय काय? तलावाचा गाळ हाये हा. पानी पिऊन बसतो, सोडत नाई. आन फूटभर चढवला म्हनून मायी पट्टी याच्या खाली दबून गेली. गाळ पट्टीच्या वरच्या विटांले चिकटला. मंग ओल चढन नाई तं काय? वरतून पुट्टी फासली, तेलाचा रंग मारला, तिले बाहेर निघाले जागा ठेवली नाई. कोनाची रेती खारट? सांग, कोनाची?"

‘तुमी’ कधी गळून पडलं ते त्यालाही कळलं नाही.

धर्मेंद्रने टरफलाकडे पाहिलं, मग खाटेकडे. "बाबा, मुरमाचा ट्रॅक्टर मीच पाठवला होता. कोठी गेला तो मुरूम?"

गोपाळरावांनी घसा साफ केला. "बाकीच्या खोल्यांत टाकला. या खोलीत नाई. तलाव खोदून राहिले होते तेव्हा. सायकलवर पोते आनले. आठ दिवस आनत होतो."

"पन काहून?"

"लोकं ते माती वावरात टाकतेत. गावात त्याहून चांगली माती नाई." म्हातारा थांबला. "चाळीस वरसं त्या खड्ड्यात पाय ठेवून बसलो, बापू. त्याच्यात दगडं-गोटे कसे टाकू? चांगली माती टाकावं वाटलं."

धर्मेंद्रने टरफल जमिनीवर आपटलं. मग तो उसळला. "तुमच्यापाई, बाबा! तुमच्या त्या भिकार मागापाई घर सडलं! लोकायले काय तोंड दाखवू आता?"

केवळरामने हाताचा चिखल झटकला. अर्ध्या तासापूर्वी याच माणसाने याच आवाजात त्याला झाडलं होतं. आता बापाची पाळी. याला कोणीतरी लागतंच, भिंत नाही तर मिस्त्री, मिस्त्री नाही तर म्हातारा.

"आवाज खाली कर," तो म्हणाला. "आन तो फोन काढ. जसं लिवलं तसं पुस."

धर्मेंद्रने फोन काढला, अंगठा फिरवला आणि स्क्रीन केवळरामसमोर धरला. ‘भिंतीचा विषय मिटला आहे. सर्वांचे आभार.’ पुढे दोन जोडलेले हात.

"मायं नाव कोठी हाये याच्यात? बदनाम करतानी तं पुरं नाव लिवलं होतं!"

"मंग काय लिवू? बाबाचं नाव टाकू?"

याचसाठी तर तो आला होता. एक ‘हो’ म्हटलं की काम झालं असतं. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं असतं, येत्या सोमवारी मारोतरावांचा अडलेला पाया खोदला गेला असता. केवळरामने खाटेकडे पाहिलं.

"तुयं टाक," तो म्हणाला. "लिव, मी पाहिल्याबिगर, विचारल्याबिगर एका माणसाचं नाव खराब केलं."

धर्मेंद्र हसल्यासारखा झाला. "दुकानाचा टाइम झाला," म्हणाला, आणि चपला घालून खरंच निघून गेला. त्याची गाडी सुरू झालेली ऐकू आली. हातातला हातोडा भिरकावून द्यावा असं केवळरामला वाटलं. पण तो हातोडा त्याच्या पोटाचा होता, त्याने तो नीट खाली ठेवला.

"रीता," गोपाळराव म्हणाले, "तुया फोनमंदी ते बोलाचं बटन हाये ना? दाबून दे."

"बाबाजी, राहू द्या ना."

"दाब."

तिने ग्रुप उघडला, बटण दाबलं आणि फोन त्यांच्या तोंडाशी धरला. म्हातारा ताठ बसला, कोर्टात साक्ष द्यावी तसा.

"मी गोपाळराव बोलून राहिलो. आमची भिंत केवळराम मिस्त्रीनं खराब नाई केली. मी केली. जोत्याच्या वर तलावाची माती मी भरली. मिस्त्रीचं काम चोख हाये. माह्या पोरानं जे लिवलं ते खोटं हाये. ऐकलं ना सगळ्यायनं? बस."

"काकाजी, कायले?" केवळरामचा आवाज फाटला. त्याचं नाव धुऊन निघालं होतं आणि धुणारा माणूस हाच निघावा याचा त्याला भयंकर संताप येत होता. धर्मेंद्रचा, ग्रुपवरच्या त्या अंगठ्यांचा, आणि थोडा स्वतःचाही.

त्याने कुदळ मागून घेतली आणि कोपरा उकरायला लागला. घमेल्यामागून घमेलं गाळ अंगणात गेला. खिशातला फोन वाजला. मारोतरावांचं नाव होतं. वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. त्याने हात पुसले नाहीत. दुपार टळेपर्यंत खड्डा मोकळा झाला, चारी कडा दिसू लागल्या.

"आता मुरूम टाकशीन?" गोपाळरावांनी विचारलं.

"नाई जी. अदुगर भिंत सुकली पाह्यजे. भिंतीच्या कडेचा बाकीचा गाळ उद्या काढतो. प्लास्टर छातीच्या वरपर्यंत खरवडतो, लोना ब्रशानं झाडतो, पानी नाई लावत. चार-पाच महिने हे असंच उघडं राहीन. मंग खाली मुरूम, त्याच्यावर जाड पन्नी, आन भिंतीले चुन्याचं प्लास्टर. तोवर कोनी बुजवा म्हनलं तं मले बोलवा."

"चार-पाच महिने," म्हातारा म्हणाला.

ते खाटेवरून उठले, भिंतीला धरत आले आणि खड्ड्याच्या काठावर बसले. धोतर गुडघ्यावर घेऊन त्यांनी दोन्ही पाय आत सोडले. केवळराम पलीकडच्या कडेचा चिखल खरवडत होता. थोड्या वेळाने त्याला दिसलं, म्हाताऱ्याचे पाय हलत होते. एक खाली, दुसरा वर, मग दुसरा खाली. त्याने खरवडणं थांबवलं आणि रिकामं घमेलं बाजूला सरकवलं, पायांना लागू नये म्हणून.