वीरभद्रप्पाचा पंजा

धुळाप्पाचा दात गिरणीच्या फाटकावर पडला, तोही कुणाशी भांडण नसताना.

चौऱ्याहत्तर साली सोलापुरात बदली कामगार म्हणून काम हवं असेल तर सकाळी सातच्या भोंग्याआधी फाटकावर उभं राहावं लागे. गैरहजर माणसांच्या जागी वीस-पंचवीस जण आत घेतले जात, बाहेर दोनशे उभे असत. पुढची जागा जुन्यांची. नवा माणूस पुढं सरकला की कोपर बसलंच. धुळाप्पाला बसलं ते सिद्धारामचं. हा सिद्धाराम तीन वर्षं बदलीवर घासत होता, कायम काही होत नव्हता, आणि तो सगळा राग नव्यांच्या बरगड्यांवर काढायचा. धुळाप्पानं दात थुंकला आणि मुकाट मागं जाऊन उभा राहिला. ‘का मारलं’ एवढंही त्याच्या तोंडून निघालं नाही.

तोंडाचं हे दुखणं जुनंच. सांगोल्याकडच्या माळावर हा गडी एका शिट्टीत दीडशे मेंढरं वळवायचा, पण समोर माणूस आला की जीभ टाळूला चिकटायची. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं संपली आणि वळवायलाही काही उरलं नाही. तानाबाई मावशीकडं तो पंधरा दिवसांच्या बोलीवर आला होता. काम लागलं तर राहायचं, नाही तर आल्या पावली परत. एका खोलीत सहा माणसं, त्यात मावशीचा नवरा तापट.

माणसं निवडायचा वीरभद्रप्पा जॉबर. धिप्पाड अंग, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात कान गेलेले, म्हणून तो नावं पुकारत नसे. गर्दीत शिरायचा, हवा तो माणूस मागून मानगुटीला धरायचा आणि फाटकातल्या लहान दारातून आत ढकलायचा. तो पंजा पडला की त्या दिवसाची भाकरी पक्की. घरी बायका नवऱ्यांना विचारायच्या, “पडला का पंजा?” धुळाप्पा रोज तो पंजा दुसऱ्यांच्या मानेवर पडताना बघायचा आणि निजताना आपलीच मान आपल्या हातानं दाबून बघायचा. हसू नका. ज्याला कधी कुणासमोर हात पसरता आला नाही, त्याच्याच आतली आस अशी वेडी असते.

चौदा दिवस कोरडे गेल्यावर तानाबाई कडाडली.

“आरं मुक्या, कुनाची वळख काडलीस का न्हाय? बोलनाऱ्याची मातीबी इकती, तुजं गहू आसंच पडून ऱ्हात्याल. उद्या चुना माग कुनाला तरी. गिरनीत चुन्यावर वळख व्हती.”

“कुनाला मागू?”

“ज्येनं दात पाडला त्येलाच! मारका एडका हातानं चारला की पायात घुटमळतो. धनगराच्या पोराला म्या सांगाय पायजे व्हय?”

पंधराव्या दिवशी धुळाप्पानं तळहातावर तंबाखू घेतली आणि सिद्धारामपुढं जाऊन उभा राहिला. म्हणाला, “चुना.”

सिद्धारामनं त्याला खालून वर पाहिलं. “आयला, बोलतंय की! नाव काय?”

“धुळाप्पा. सांगोल्याकडचा.”

“घे.” सिद्धारामनं डबीतून चांगला ओला गोळा बोटानं काढून त्याच्या तळहातावर थापला. “हितं माज्या पाठीशी हुबा ऱ्हा. कुनी हात लावायचा न्हाय तुला.”

धुळाप्पाला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. इतक्या मोठ्या शहरात एका माणसाला त्याचं नाव ठाऊक झालं होतं. तंबाखू मळायचंही त्याला सुचेना.

तेवढ्यात मागून तिघं भाऊ आले. थोरल्याच्या मुठीला सायकलची साखळी गुंडाळलेली. आदल्या दिवशी सिद्धारामनं त्यांच्या चौथ्या, धाकट्या भावाची बरगडी मोडली होती. पहिला तडाखा सिद्धारामच्या डोक्यात बसला आणि रक्ताची चिळकांडी धुळाप्पाच्या सदऱ्यावर उडाली. मग कोण कुणाला मारतोय ते कळेना. दगड उडाले, चहाच्या गाड्यावरचे ग्लास फुटले, खाली पडलेल्या एका म्हाताऱ्याची बोटं कुणाच्या तरी वहाणेखाली करकरली. सिद्धाराम गुडघ्यावर आला आणि ओरडला, “धुळाप्पा, मागं बघ!”

त्याच क्षणी धुळाप्पाच्या मानगुटीवर पंजा पडला.

तो गर्रकन वळला आणि चुन्यानं भरलेला तळहात समोरच्याच्या डोळ्यांवर सगळा जीव एकवटून हाणला. वर दुसऱ्या हातानं नाकावर एक ठेवून दिली. हाड मोडल्याचं त्याला स्वतःला ऐकू आलं. मग त्याला कपाळावरचे भस्माचे पट्टे दिसले.

वीरभद्रप्पा डोळे धरून खाली बसला आणि गुरासारखा ओरडू लागला. मारामारी जागच्या जागी थांबली. साखळीवालाही साखळी लपवू लागला.

पळायला वाट मोकळी होती. धुळाप्पा पळाला नाही. चहाच्या गाड्याखालची बादली त्यानं उचलली, वीरभद्रप्पाचं डोकं मेंढराचं धरावं तसं गुडघ्यांत दाबलं आणि डोळ्यांत पाणी ओतत राहिला. आता गर्दी त्याच्यावर तुटून पडली. जॉबरच्या नजरेत भरायची अशी संधी कोण सोडणार! पाठीत लाथा बसल्या, कानशिलावर चप्पल बसली, दुसरा दात गेला. त्यानं बादली सोडली नाही.

शेवटी वीरभद्रप्पाचा एक डोळा किलकिला झाला. दुसरा लालभडक, मिटलेलाच.

“पंधरा दिस बगतोय,” तो धापा टाकत म्हणाला, “गप हुबा ऱ्हातंय, कुनाशी भांडत न्हाय. म्हनून आज धरलं. नाव काय रं तुजं?”

धुळाप्पाची जीभ टाळूला चिकटली.

सिद्धाराम रक्त पुसत पुढं आला, वीरभद्रप्पाच्या कानाशी वाकला आणि मोठ्यानं म्हणाला, “धुळाप्पा, मालक. सांगोल्याकडचा. माजा कुनी न्हाय. आजच वळख झाली.”

वीरभद्रप्पानं चाचपडत हात लांब केला आणि पंजा पुन्हा त्याच मानगुटीवर पडला. या खेपेला धुळाप्पानं तो ओळखला आणि मान सैल सोडली. वीरभद्रप्पानं त्याला फाटकाच्या उलट दिशेला, रस्त्यावर फेकलं. मग सातचा भोंगा झाला आणि लहान दार आतून लावून घेतलं गेलं.