बिननावाचं बटण

मी बटण बोलतोय. शर्टाचं नव्हे, दिव्याचंही नव्हे. मुलुंडच्या एका सोसायटीच्या वेबसाइटवर, फॉर्मच्या तळाशी बसलेलं हिरवं बटण.

माझा जन्म सी विंगमधल्या धवलच्या लॅपटॉपवर झाला. इमारत पाडून नवी बांधायची ठरली होती. कुणाला कितव्या मजल्यावर घर हवं, ते सभासदांनी या फॉर्मवर कळवायचं होतं. पण माझ्यावर काय लिहायचं यावरून कमिटीत जुंपली. कुणी मराठीसाठी अडून बसलं, कुणी गुजरातीसाठी, कुणी इंग्रजीसाठी. शेवटी सेक्रेटरी अनंतरावांनी तोडगा काढला की काहीच लिहू नका, नुसती बरोबरची खूण काढा. माझ्या शेजारच्या लाल भावाला फुली मिळाली. भांडण मिटलं, सगळ्यांनी चहा घेतला. मी मात्र ना नावाचा ना गावाचा राहिलो.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, रविवारी दुपारी, सोसायटीतल्या वसुधाकाकू फोनवरून माझ्यापाशी आल्या. काचबिंदूने त्यांची नजर सहा वर्षांपूर्वी गेली. फोन त्यांना स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवतो. त्यांना पहिलाच मजला हवा होता. लिफ्ट बंद पडली तरी कुणाचा हात न धरता खाली उतरता यावं म्हणून. जे कळवणार नाहीत, त्यांचा मजला चिठ्ठी टाकून ठरणार होता.

फॉर्म त्यांनी झकास भरला. मग बोट माझ्यावर आलं. फोन म्हणाला, "बटण." बोट भावावर गेलं. फोन म्हणाला, "बटण."

मी गोंधळलो. पाठवणारा मी की पुसणारा? खूण माझ्या कपाळावर, मला स्वतःला ती कशी दिसणार? आणि फोनला शब्द वाचता येतात, चित्र नाही. काकूंनी अंदाजाने एक दाबलं. ते मी नव्हतो. रकाने रिकामे झाले. फॉर्म गेला तरी रकाने रिकामे होतात आणि पुसला तरी होतात. त्यांनी धवलला फोन लावला.

"रिकामे झाले ना काकू? मग गेला," तो म्हणाला. तो घाईत होता.

सोमवारी नोटीस बोर्डावर यादी लागली. शेजारच्या शुभाने ती वाचून दाखवली. काकूंचं नाव चिठ्ठीवाल्यांत होतं.

ते कळताच धवल धावत आला. काकूंचा फोन हातात घेऊन त्याने डोळे मिटले आणि बोट फिरवलं. "बटण. बटण." कितीतरी वेळ तो तेवढंच ऐकत राहिला. मग तिथेच बसून त्याने मला नाव दिलं. फोनने ते मोठ्याने वाचलं, "पसंती पाठवा." मला इतकं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

"मराठीत लिहिलंय काकू. चालेल ना?"

"अरे, कुठल्याही भाषेत लिहिलं असतंस तरी चाललं असतं," काकू म्हणाल्या.

मुदत रविवारीच संपली, लागलेली यादी आता बदलत नाहीत. माझा हिरवा रंग जाऊन राखाडी झाला आहे. शनिवारी चिठ्ठ्या निघतील, काकूंना पहिला मजला मिळेल की अकरावा, देव जाणे. तुम्ही कधी माझ्यासारखं बटण घडवलंत, तर त्याला जन्मतःच एक शब्द द्या. मी पाठवणारा आहे हे मला कळलं, तेव्हा पाठवायला काही उरलं नव्हतं.