आप्पांची खुर्ची आणि काकडीचा वेल

दिवसभर खोक्यांवर खोकी चढवून दमलेल्या माणसाला घरी काय हवं असतं? कपभर चहा आणि टेकायला भिंत. पण आमच्या गोदामबाबूला घरीही थप्पीच लावायची असायची! दोन खोल्यांचं घर, गॅलरी खाटेएवढी आणि भाजीचे भाव भडकलेले. म्हणून त्याने गॅलरीतच मळा मांडला. आडव्या कापलेल्या बाटल्यांत पालक, क्रेटवर क्रेट चढवून टोमॅटो आणि सुतळीवरून छतापर्यंत काकडीचा वेल. पहिल्या काकड्या छान आल्याही.

मग त्याची नजर गेली गॅलरीतल्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, खुर्चीवर. जो माल हलत नाही तो मागे सरकवायचा, हा गोदामाचा नियम. त्याने खुर्ची उचलून आतल्या खोलीत कपाटामागे ठेवली आणि तिच्या जागी आणखी दोन क्रेट लावले. "असू दे," आप्पा म्हणाले, "मी काय, कुठेही बसेन." पण ते बसले नाहीतच. महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, जेवण निम्म्यावर आलं. दमलेल्या लेकाला ते दिसलं नाही. दिसल्या त्या काकड्या, करंगळीएवढ्या होऊन पिवळ्या पडून गळणाऱ्या.

"खत घातलं, पाणी घातलं. आता काय या वेलापुढे हात जोडू?" एका संध्याकाळी तो उंबऱ्यातच बसकण मारून म्हणाला.

"जोडायचेच तर आप्पांपुढे जोडा," बायको भांडी पुसता पुसता म्हणाली.

"त्यांचा काय संबंध?"

"अहो, चौथ्या मजल्यावर मधमाशी येते का कधी? तुम्ही कामाला गेलात की आप्पा खुर्चीत बसून नर फूल खुडायचे आणि मादी फुलांना हलकेच लावायचे. म्हणून काकडी धरत होती."

"मग कुणी बोललं का नाही मला?"

"विचारलंत कधी? आणि समजा, त्यांनी फुलाला हातही लावला नसता, नुसते बसले असते, तरी ती जागा त्यांचीच ना? उद्या तुमचे गुडघे गेले, तर तुम्हाला कुठल्या कपाटामागे ठेवायचं?"

अरेरे! हे आपण काय करून बसलो! त्याला स्वतःचीच लाज वाटली. पाठ ठणकत होती, तरी तो उठला. दोन्ही क्रेट जिन्याशी नेऊन ठेवले, खुर्ची पुसून जागेवर आणली आणि वडिलांना हाताला धरून बाहेर बसवलं.

"अरे, तुझ्या टोमॅटोंचं काय?"

"बाजारातून आणू, आप्पा. तुम्ही बसा."

आप्पांनी वेल खालपासून वरपर्यंत न्याहाळला. "उद्या सकाळी दोन फुलं उमलतील," ते म्हणाले. "निघायच्या आधी ये. शिकवतो तुला."

तर मंडळी, जागा जरूर वाचवा. थप्प्या लावा, वेल चढवा, बाटल्या टांगा. फक्त ती जागा घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या बुडाखालून काढून घेऊ नका!